चाळीसच्या पुढचे फोटो

सभागृहाच्या दाराशी कॅमेऱ्यांना मर्यादा घालून घ्यायची रांग लागली होती. संयोजकांची एक मुलगी टेबल टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरचा कॅमेरा ती तळहाताएवढ्या यंत्राला टेकवायची आणि परत द्यायची. एकदा टेकवला की त्या सभागृहात त्या कॅमेऱ्यातून चाळीस फोटो निघणार. एक्केचाळिसाव्या वेळी बटण दाबलं तर कॅमेरा ढिम्म. रांगेतली तरुण मंडळी कुरकुरत होती. चाळीस फोटोंत काय होतं, तेवढे तर मी तंबोरे जुळेपर्यंत उडवतो, असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

केतकी मगदूम रांगेत उभी राहिली नाही. तिला बघून त्या मुलीने अदबीने वाट करून दिली. केतकीचा कॅमेरा चाळीस फोटोंचा कायदा व्हायच्या आधीचा, त्या यंत्राला तो ओळखूच यायचा नाही. आणि आला असता तरी केतकीला मर्यादा कोण घालणार? मिरज-सांगलीत गाण्याच्या बैठकीचा फोटो म्हणजे केतकीचा, हे गेली पंचवीस वर्षं ठरून गेलं होतं. आणि उभ्या आयुष्यात तिने एका बैठकीचे चाळीसच्या वर फोटो काढले नव्हते. आज ती ते काढायला आली होती. त्या मुलीच्या अदबीने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमी काढायची शिस्त तिला मुल्लाचाचांनी लावली होती. विशीत असताना ती त्यांच्या स्टुडिओत कामाला लागली. तेव्हाचे कॅमेरे बटण दाबलं की खट् असा आवाज करायचे, आणि आलापीच्या शांततेत तो आवाज म्हणजे भर पंक्तीत भांडं पडल्यासारखा. चाचा सांगायचे, आलापी चालू असताना बोट खिशात ठेवायचं. तबल्याचं आवर्तन फिरून समेवर येतं, गाणारा बरोबर तिथे येऊन टेकतो, लोक ‘वा’ म्हणतात, त्या गलक्यात आपलं एक खट् उरकून घ्यायचं. पुढे कॅमेरे मुके झाले, चाचा अल्लाला प्यारे झाले, पण केतकीच्या बोटाची सवय गेली नाही. म्हणून तिच्या सगळ्या फोटोंत गाणारे नेहमी पोचलेले दिसतात. हात खाली आलेला, डोळे मिटलेले, चेहरा समाधानी. वाटेवर असलेला गायक तिने कधी टिपलाच नाही, आणि त्यात काही राहून जातंय असं तिला वाटलंही नाही.

आजचं गाणं शैलजाताई कागवाडकरांचं होतं, आणि ते शेवटचं होतं.

शैलजाताई केतकीच्या नात्यातल्या कुणी नव्हत्या, पण नात्यातल्यांनी केलं नाही ते त्यांनी केलं होतं. तिचा पहिला छापून आलेला फोटो त्यांचा. तिची आई गेली तेव्हा घरात चूल पेटत नव्हती, त्या दिवसांत डब्यात पिठलं-भात घेऊन येणाऱ्या त्याच. त्यांचे यजमान शशांकराव पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना केतकी ‘दाजी’ म्हणायची. मूलबाळ नव्हतं, घरात ही दोघं, चार तंबोरे आणि सकाळचा रियाज.

गणपतीत घरच्या आरतीला शैलजाताईंचा आवाज मध्येच फाटला. सर्दी समजून आठवडाभर काढे झाले. मग पुण्याला तपासण्या झाल्या आणि मज्जातंतूंचा आजार निघाला. आधी गळा जाईल, मग गिळणं, मग श्वास. वर्ष, फार तर दीड, असं डॉक्टरांनी सांगितलं. शैलजाताईंनी सगळं ऐकून घेतलं, थंडीपर्यंत गळा टिकेल का तेवढं विचारलं, आणि कृष्णाकाठ संगीत सभेत दुपारचा मुलतानी गाऊन थांबायचं ठरवून टाकलं.

खरं म्हणजे त्या काळात गळा गेला म्हणून गायकाने थांबायची गरज उरली नव्हती. अनुगायक आले होते, गायकाच्या जागी त्याच्यासारखं गाणारी यंत्रं. नुसत्या आवाजाची नक्कल करणारी यंत्रं त्यांच्याही आधीपासून होती. एखाद्या गायिकेची थोडी ध्वनिमुद्रणं दिली की ती तिच्या आवाजात काहीही म्हणून दाखवत. पण राग मांडायला बसवलं की त्यांचं पितळ उघडं पडायचं. आवाज तिचा, सूर नेमका, आणि तरी ऐकणाऱ्याला कळायचं की हे पाठ केलेलं आहे. पुढे कुठे जायचं हे यंत्राला ठरवता येत नव्हतं, कारण ते ठरवणं आवाजात सापडतच नाही. आवाज बाहेर पडतो तोवर ठरवून झालेलं असतं.

ते ठरवणं चेहऱ्यावर वाचता येतं, हा शोध नंतरचा. सूर निघण्याआधी अर्धा सेकंद शरीर त्याची तयारी करतं. नाकपुड्या रुंदावतात, हनुवटीखालचा स्नायू ताणला जातो, मानेची एखादी शीर वर येते. जे गायचं मनात आलं पण गायलं नाही, त्याचीही तयारी क्षणभर उमटून जाते. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, आणि सभागृहातल्या व्हिडिओतही मिळत नाही, कारण व्हिडिओ जागा वाचवण्यासाठी असले बारकावे पुसून टाकतो. मोठ्या भिंगाने जवळून काढलेल्या फोटोत मात्र कातडीची प्रत्येक थरथर शाबूत राहते. एकाच बैठकीचे असे हजारो फोटो लागोपाठ मिळाले आणि ते आवाजाशी क्षणाक्षणाला जुळवले, की यंत्र त्या गायिकेसारखा विचार करायला शिकतं. चाळीस फोटोंतून फक्त चेहरा मिळतो. काही हजारांतून लकबी मिळतात. तीस हजारांच्या आसपास गेलं की ती बाईच हाती लागते.

गायकांनी आरडाओरडा केला तो यासाठी. न विचारता बनवलेले अनुगायक साबणाच्या जाहिरातींत गाऊ लागले तेव्हा कुठे कायदा झाला. एका बैठकीचे चाळीस फोटो. जास्त हवे असतील तर गायकाची संमती. मूळ फोटो फोटोग्राफरच्याच ताब्यात राहणार, आणि अनुगायक प्रत्येक वेळी सुरू होताना त्या मूळ फोटोंशी स्वतःला ताडून बघणार. मूळ पुसले की अनुगायक बंद. शैलजाताईंनी संमती दिली नव्हती आणि देणारही नव्हत्या. मी गेल्यावर माझ्या नावाने कुणी गात बसायचं नाही, गायचं तर स्वतःच्या नावाने गा, असं त्या शिष्यांना हसत सांगायच्या.

सभेच्या काही दिवस आधी, भर दुपारी, दाजी केतकीच्या स्टुडिओत आले. आधी चहा नको म्हणाले, मग घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की शैलजाची ध्वनिमुद्रणं कपाटभर आहेत, पण ती तीच ती आहेत. उद्या ती काय गाईल ते त्यांतल्या एकातही नाही. काय मागायला आलेत ते केतकीला तेव्हाच कळलं. तिने कायदा सांगितला, ताईंचा नकार सांगितला. कायदा दाजींना तिच्याहून जास्त पाठ होता. गळा गेलेल्या कलावंताच्या वतीने, फक्त घरात ऐकण्यापुरती, घरच्यांना संमती देता येते अशी एक फट त्यात होती आणि ती त्यांनी हेरून ठेवली होती.

“तिला विचारून काय करू, केतकी?” ते म्हणाले. “ती नाहीच म्हणणार. जाणारा जातो, मागं मी राहणार आहे. लग्न झाल्यापासून घरात तिचा रियाज नाही अशी एक सकाळ मी बघितलेली नाही. तू फक्त बोट उचलू नकोस. बाकीचं माझ्यावर सोड.”

केतकी हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही, आणि दाजींनी त्याचा अर्थ बरोबर लावला. तिलाही ते हवं होतं. शैलजाताईंशिवायची मिरज तिला नको होती, आणि दाजींचं दुःख पुढे करून तिने स्वतःचं काम साधून घेतलं, हे उघड सांगितलेलं बरं.

मुलतानी सुरू झाला. मागे तंबोऱ्यावर ताईंची शिष्या नाझनीन शिकलगार बसली होती. केतकी नेहमीप्रमाणे उजव्या कोपऱ्यात, जमिनीवर मांडी घालून. पहिली सम आली तसं तिचं बोट आपोआप खाली गेलं आणि सवयीने वर यायला लागलं. तिने ते तसंच दाबून धरलं. आवाज काहीच झाला नाही. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा पळायला लागला.

फोटो काढणारा माणूस खरं तर निवडत असतो. हा क्षण हवा, तो नको. केतकी काहीच निवडत नव्हती. त्यामुळे तिला काही दिसलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून गाणं ऐकू आलं नाही. बोटाला कळ लागली तेव्हा तिने दुसरं बोट ठेवलं. मध्ये शैलजाताई पाणी प्यायला थांबल्या, त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे बघितलं आणि आपलं माणूस जागेवर आहे हे पाहून त्या हसल्या. त्या हसण्याचेही वीस-पंचवीस फोटो निघाले.

बैठक संपली तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कितीतरी जण रडत होते. मुलतानी इतका गंभीर कधी ऐकला नाही, निषादावर किती थांबल्या, असं म्हणत होते. दाजी पहिल्या रांगेत बसलेले होते, ते उठलेच नाहीत. केतकीने एकतीस हजार फोटोंची प्रत त्यांच्या हवाली केली आणि मूळ स्वतःजवळ ठेवले. त्यातला एकही उघडून बघितला नाही. ही चूक जन्मभर कमी फोटो काढणाऱ्याचीच. भरमसाट काढणारी पोरं निदान घरी जाऊन चाळून बघतात. केतकीला चाळायची सवयच नव्हती, तिचं निवडणं जागेवरच व्हायचं. आणि खरं सांगायचं तर बघायची हिंमतही नव्हती.

होळीपर्यंत शैलजाताईंचा आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही कान तोंडाशी नेला तर ऐकू येणारी. पाडव्याला दाजींनी केतकीला घरी बोलावलं. ताईंना सांगितलंय का, असं तिने दारातच विचारलं. आत्ता कळेल, ते म्हणाले. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. ती आत गेली.

पुढच्या खोलीत ताई आरामखुर्चीत बसल्या होत्या. नाझनीन पाया पडायला आली होती, ती दाराशी उभी होती. दाजींनी यंत्र सुरू केलं. तंबोरे घुमले, आणि शैलजाताई गाऊ लागल्या. मुलतानीच होता, पण सभेतला नव्हे. कुणीच कधी न ऐकलेला. खालच्या पंचमापासून त्या सावकाश वर सरकत होत्या, एका वळणावर कुणाला सुचलं नसतं अशा जागी थांबत होत्या. केतकी ओक्साबोक्शी रडली. दाजींच्या गालांवरूनही पाणी वाहत होतं आणि ते मांडीवर ठेका धरत होते. ताई मात्र अंग न हलवता शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग भिंतीला धरून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. भारावली असेल, दाजी म्हणाले.

त्यानंतर त्या घरात रोज सकाळी रियाज होऊ लागला. दुपारी एक राग, दिवेलागणीला एक. दाजी फर्माईश करायचे आणि यंत्र गायचं. हळूहळू ते पुढच्या खोलीतच जेवायला लागले. ताईंना भरवायला एक बाई ठेवली होती. नाझनीन येईनाशी झाली. केतकीने तिला बाजारात गाठून विचारलं. ती म्हणाली, “मावशी, मी शिकायला कुणापुढं बसू ते सांगा. आत गेले तर बाहेरचं गाणं ऐकू येतं. बाहेर बसले तर ताई आत असतात.”

केतकी त्याच दिवशी दिवेलागणीला गेली. पुढच्या खोलीत दाजी डोळे मिटून पूरिया ऐकत होते. तिला त्यांनी हातानेच बस म्हटलं. ती न बसता आत गेली. शैलजाताई खिडकीपाशी होत्या, खूप वाळल्या होत्या. त्यांनी बोटाने तिला जवळ बोलावलं. केतकीने त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“माझ्या घरात सवत आणून ठेवलीस,” त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. राग असता तर केतकीला सोसला असता. तिने त्यांचे पाय धरले, चुकले म्हणाली, दाजींनी मागितले म्हणून दिले असं म्हणायला गेली आणि ते तिच्या तोंडून निघेना. ताईंनी तिचा हात दाबला आणि बाहेर बोट दाखवलं, ऐक म्हणून.

बाहेर यंत्र वरच्या षड्जाकडे, सप्तकाच्या टोकाच्या ‘सा’कडे, निघालं होतं. त्याच्या अलीकडच्या निषादावर आलं, थांबलं, तिथेच घुटमळलं आणि खाली उतरलं. पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं. शेवटी षड्ज लागला, पण हळूच, बाजूने शिरून.

“ती भित्री आहे गं,” ताई एकेक शब्द सोडत म्हणाल्या. “त्या दिवशी मी भीत होते. दर वेळी वर जाताना. लोकांना कळू दिलं नाही. त्यांना वाटलं, काय थांबलीय निषादावर. मी जन्मभर बेधडक गेले वर. ते कुणाजवळ राहिलं नाही. हिला तेवढी एकच दुपार ठाऊक आहे, केतकी. आता ही अशीच भीत राहणार. मी मेल्यावरही.”

केतकी घरी आली आणि तिने पहिल्यांदा ते फोटो उघडले. वरच्या षड्जाआधीचे शोधून काढायला वेळ लागला नाही. प्रत्येक वेळी तेच होतं. डोळे विस्फारलेले, जबडा आवळलेला, मानेच्या दोन्ही शिरा उभ्या. पुढच्या पाच-सहा फोटोंत ते सगळं आवरून घेतलेलं आणि मग तो शांत चेहरा, जो तिने पंचवीस वर्षं टिपला होता. जुन्या फोटोंत ही भीती नव्हती. जुन्या फोटोंत भीती नसलेलं वर जाणंही नव्हतं, कारण ती नेहमी पोचल्यावरच बटण दाबत आली होती. तिने हवं तेव्हा थोडे काढले, नको तेव्हा सगळे काढले.

दुसऱ्या दिवशी तिने दाजींना सांगितलं की ती मूळ फोटो पुसणार आहे. ते ओरडले नाहीत. तुला तो अधिकार आहे, मला ठाऊक आहे, एवढं म्हणून ते यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “आणि ती गेल्यावर मी काय करायचं?”

“ताई अजून आहेत, दाजी,” केतकी म्हणाली. “आत बसल्यात. तुम्ही आत गेला होतात कधी?”

चाळीस ठेवता येतात, केतकीने सांगितलं. चाळीसांतून काही तयार होत नाही, नुसती आठवण राहते. कुठले ठेवायचे ते त्यांनी निवडावं, आणि निवडून होईपर्यंत यंत्र बंद ठेवावं. इंजिनिअर माणूस, काम दिलं की थोडा सावरतो. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सगळे बघावे लागतील, म्हणाले. आतून ताईंनी खुर्चीच्या हातावर टकटक केली. त्यांनी ऐकलं होतं. बघायचं तर माझ्यासमोर, असं त्यांचं म्हणणं होतं.

केतकीने ताईंच्या खुर्चीसमोर मोठा पडदा लावून दिला. दाजी स्टूल घेऊन शेजारी बसले. पहिल्याच फोटोवर त्यांनी विचारलं की हिथं तू कपाळाला आठी का घातलीस? ताईंनी खुणेने त्यांना जवळ बोलावलं. दाजींनी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग हसले. तबलजीने ठेका ठरल्यापेक्षा अंमळ चढा धरला होता, आणि त्याला डोळ्यांनी दटावावं की चालू द्यावं याचा ताई विचार करत होत्या.

तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललं. निवडणं बाजूलाच राहिलं. एका फोटोत ताईंना एक नवी जागा सुचली होती, पण गुरूंनी ती कधी घेतली नाही म्हणून त्यांनी सोडून दिली होती. दाजींनी विचारलं की गुरू जाऊन वीस वर्षं झाली, आता कुणाची भीड? एकात त्यांना गॅस बंद केल्याचं आठवत नव्हतं. एका फोटोपाशी ताई नुसत्याच हसल्या आणि सांगायचं नाही म्हणाल्या, तो त्यांनी पुढे ढकलला. कधी दिवसाला शंभर-दोनशे व्हायचे, कधी एकावरच दुपार जायची. केतकी रविवारी जायची तेव्हा तिला दाराशीच दोघांचं हे दिसायचं, एक वाकलेलं डोकं आणि एक हलणारे ओठ. नाझनीन पुन्हा येऊ लागली होती. ती सकाळी ताईंपुढे बसून गायची आणि ताई भुवईने तिला चुका दाखवायच्या.

भीतीचा पहिला फोटो आला तो दिवस केतकी तिथे होती. दाजी कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बैठकीत ते कायम डोळे मिटून ऐकत. आवाज फाटेल म्हणून घाबरलीस का, त्यांनी विचारलं. ताईंनी मान हलवली, नाही म्हणून. दाजी वाकले.

“फाटला असता तर फाटला असता,” ताई कुजबुजल्या. “तुम्ही समोर होता. तुमचं तोंड मला बघवलं नसतं.”

त्या दिवशी पुढे काही बघितलं नाही. दाजींनी पडदा बंद केला आणि ताईंच्या पायांना तेल लावत बसले.

दिवाळीच्या सुमारास कुजबुजही गेली. मग दाजी विचारायचे आणि ताई बोट दाबून हो किंवा नाही सांगायच्या. त्याने वेळ लागायचा, पण घाई कुणाला होती? कार्तिकातल्या एका सकाळी त्यांचा श्वास थांबला. दाजी जवळ होते. तोवर बघून झाले होते नऊ हजारांच्या आत-बाहेर. बैठकीतला पहिला, संथ लयीतला विलंबित ख्यालसुद्धा पुरा झाला नव्हता.

दिवसकार्य उरकल्यावर केतकी गेली. दाजींनी दार उघडलं, स्वतःच चहा केला. घर शांत होतं. तिने विचारलं की चाळीस कुठले ठेवायचे. त्यांनी एकही वेगळा काढला नव्हता.

“सगळे पूस,” ते म्हणाले.

बघितलेल्यांतले तरी ठेवू या, केतकी म्हणाली. दाजींनी नको म्हटलं. “ज्यांचं तिनं सांगितलं ते मला पाठ आहेत. पुढच्या बावीस हजारांत तिच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. तिनं सांगितलं असतं, पण तेवढा वेळ मिळाला नाही. न सांगितलेलं यंत्राकडून काढून घेणं मला आता जमायचं नाही.”

केतकीने मूळ फोटो असलेला, सोबत आणलेला संगणक उघडला. पुसण्याचा हुकूम देण्याआधी तिचा हात थांबला. यंत्र अजून कोपऱ्यात होतं, कापडाखाली झाकलेलं. एकदा शेवटचं ऐकायचंय का, असं तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण तिलाही ऐकायचं होतं. दाजींनी त्या कापडाकडे बघितलं. ते आता हो म्हणतील असं तिला वाटलं.

“नको,” ते म्हणाले. “वरच्या षड्जाला ती पुन्हा घाबरेल.”

केतकीने बटण दाबलं. फोटो पुसले जायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ दोघं पडद्यासमोर बसून राहिले.